बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी गाडी हलेना

गुहागरला मामाकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. कार्बोरेटरवाली, पांढरी. रोज बाजारापर्यंत आणि अधूनमधून चिपळूणपर्यंत जाते. इंजिन अजून ठणठणीत आहे. पत्रा खाऱ्या वाऱ्याने जागोजागी खाल्लाय, आणि पत्र्याआड दडलेल्या वायरिंगची गत त्याहून वाईट.

तक्रारी मामा फोनवर सांगायचा. चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटार) मारला की कधी नुसतंच 'टक्', कधी सेल्फ फिरतो पण रडतरखडत. डावा इंडिकेटर दिला की तो भराभरा उडतो आणि त्याच्याबरोबर मागचा उजवा ब्रेकलाइट मिचमिचतो. हेडलाइट इतके मंद की रात्री समोरून कोणी आलं की मामा गाडी कडेला घेऊन थांबतो. हॉर्न सरळ रस्त्यावर वाजतो आणि वळणावर वाजत नाही. कोकणातल्या रस्त्यांवर नेमकं उलटं हवं.

उपाय झाले नव्हते असं नाही. बॅटरी बदलून झाली होती. सेल्फ उतरवून त्याला नवे कार्बन आणि बुश घातले होते. चार्जिंग कमी म्हणून डायनामो (आहे तो अल्टरनेटर, पण आमच्याकडे सगळे डायनामोच म्हणतात) उघडून रेग्युलेटर बदलला होता. इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर नवा, मागचे बल्ब नवे. प्रत्येक वेळी गाडी थोडे दिवस बरी चालायची आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वायरमनला मी फार दोष देत नाही. दुकानापुढे रिक्षांची रांग, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. बदललेल्या भागाचे पैसे गिऱ्हाईक निमूट देतं, तास न् तास शोधत बसल्याचे देत नाही.

आता मात्र 'चालतंय तोवर चालू दे' म्हणायची सोय नव्हती. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. फॉर्म २५ भरायचा आणि गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. तिथे दिवे, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न सगळं बघतात. "तू लोट्याला एवढ्या मोठमोठ्या मोटारी चालवतोस, ही एक छोटी मोटार बघ," असं मामाने फर्मान काढलं. मी लोट्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. ४१५ व्होल्टचे पॅनल, स्टार्टर, थ्री-फेज मोटारी हे रोजचं काम. गाडीच्या बारा व्होल्टला करंट लागायची भीती नाही, पण तिथे एक गोष्ट आमच्या पॅनलपेक्षा अगदी वेगळी आहे. कारखान्यात करंट ज्या वायरीने जातो तशाच वायरीने परत येतो. गाडीत तो वायरीने जातो आणि पत्र्यातून परत येतो. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, म्हणून बॉडी म्हणजेच निम्मी वायरिंग. ती निम्मी वायरिंग गेली अडीच दशकं गुहागरच्या हवेत गंजत होती आणि तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

सुट्टीला गेलो तेव्हा पहिल्यांदा बॅटरीच बघितली. जुनी सवय. ती जर उतरलेली असेल तर पुढचं कुठलंच माप खरं येत नाही. मीटर लावला तर १२.१ व्होल्ट, म्हणजे जेमतेम निम्मी. रात्रभर चार्जरला लावली, सकाळी काढून तासाभराने मोजली तर १२.६. हे माप भरलेल्या बॅटरीचं. मग मामाला सेल्फ मारायला सांगून बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवरच मीटरची टोकं धरली. फिरताना आकडा १०.४ वर थांबला. नऊच्या खाली कोसळला असता तर बॅटरी दोषी धरली असती. ही बॅटरी आपलं काम करत होती आणि तरीही सेल्फ रडत होता. याचा अर्थ बॅटरीतून निघालेला जोर सेल्फपर्यंत पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी खर्च होतोय.

वाट शोधायची एक सोपी रीत आहे आणि ती रस्त्यावरच्या दुकानात क्वचित वापरतात. मीटर व्होल्टवरच ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी बंद असताना इथे शून्य दिसणारच. आता सेल्फ मारायचा. दोन्ही टोकं एकाच बाजूची आहेत, तेव्हा सेल्फ फिरतानाही मीटरने जवळपास शून्यच दाखवायला हवं. फार तर ०.२, ०.३. मामाने चावी फिरवली आणि मीटरवर २.२ आले. खुंटावर असलेल्या १०.४ पैकी दोन व्होल्टच्या वर परतीच्या वाटेतच गळत होते.

इथे ओहमवर (अडथळा मोजायच्या खुणेवर) मीटर ठेवून अर्थिंग, म्हणजे बॉडीतून परतीची जोडणी, तपासणाऱ्यांची फसगत होते. सेल्फ सहज शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. शंभर अँपिअरला दोन व्होल्ट गळायला ०.०२ ओहम एवढा अडथळा पुरतो. आपल्या साध्या मीटरच्या नुसत्या वायरींचाच अडथळा त्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे मीटर 'पीं' करून वाजतो, आपण अर्थिंग चांगलं म्हणून शिक्का मारतो आणि पुढे जातो. जोड जिवंत आहे की नुसता टेकलाय हे त्यातून भरपूर करंट वाहताना मोजलं तरच कळतं.

दुसरी खूण मीटरशिवायच मिळाली. दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर बॉनेटखाली हात घातला तर ॲक्सिलरेटरची केबल कोमट लागली. इंजिन थंड, गाडी सुरूसुद्धा झाली नव्हती. मामाला हात लावून बघायला सांगितलं.

"अरे, ही कशाने तापत्ये?"

"मामा, करंट हिच्यातून परत जातोय."

"केबलमधून?"

"जायला दुसरी वाट नाही म्हटल्यावर काय करेल?"

झालं होतं असं. बॅटरीची मूळ निगेटिव्ह केबल कधीतरी बदललेली होती. नवी घालणाऱ्याने आखूड केबल घेऊन ती जवळच्या पत्र्यालाच बोल्ट केली. बॉडीला अर्थ मिळाला, पण सेल्फ बसतो इंजिनवर आणि इंजिन बसतं रबराच्या माउंटिंगवर. इंजिन ते बॉडी जोडणारी तांब्याच्या तारांची एक चपटी वेणी असते, सगळा भार तिच्यावर आला. ती वेणी खालून काढली तर अर्ध्या तारा तुटलेल्या आणि उरलेल्या कळकून हिरव्या पडलेल्या. बोटांनी चुरगाळली तर पूड हातात आली. तेव्हा सेल्फचा उरलासुरला करंट ॲक्सिलरेटर आणि चोकच्या केबलीच्या पोलादी तारांतून बॉडीला जात होता. अशाने केबल आतून जळून अडकल्याची उदाहरणं आहेत, आणि ॲक्सिलरेटरची केबल दाबलेल्या जागी अडकणं ही गंमत नाही.

चिपळूणहून २५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंगची केबल आणि तिच्या टोकांना बसवायचे धातूचे लग आणले. लग ठोकून चपटे करणारे बरेच असतात. मी दाबयंत्राने दाबले, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. एक केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टवर, दुसरी तिथून बॉडीला. बोल्टाखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, जोड आवळल्यावर वरून व्हॅसलिन. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हॅसलिन फासून मग आवळणारे पाहिलेत मी. आणि बॅटरीची वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. पॉझिटिव्हचा नट ढिला करताना पाना पत्र्याला टेकला तर निगेटिव्ह सुटलेलं असल्याने काही होत नाही, एरवी पाना तिथल्या तिथे चिकटतो. हातातलं कडं, अंगठी, पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवावं ते याचसाठी.

पुन्हा तेच माप घेतलं तर २.२ च्या जागी ०.२. सेल्फने असा काही झटका दिला की मामी ओटीवरून विचारती झाली, "नवी मोटार बसवलीत का रे?"

या एका केबलीने चार्जिंगचाही निकाल लागला. जुनी वेणी असतानाच हेडलाइट पेटवून मापं घेऊन ठेवली होती: अल्टरनेटरच्या जाड वायरीवर, त्याच्याच अंगावर मीटरचं दुसरं टोक धरून, १४.२, बॅटरीच्या खुंटांवर १३.४. मधल्या ०.८ पैकी बराचसा भाग अर्थच्या बाजूला जात होता, कारण अल्टरनेटरही इंजिनलाच बसवलेला असतो. १३.४ ला बॅटरी मरत नाही, पण बाजारापर्यंत जाऊन यायच्या चार किलोमीटरांत भरतही नाही. नवी केबल घातल्यावर खुंटांवर १४ मिळाले. म्हणजे अल्टरनेटर उघडण्याआधीच त्याच्या अंगावर मीटर धरला असता तर रेग्युलेटरचा खर्च वाचला असता. मधल्या काळात भाग बदलला की गाडी थोडे दिवस का सुधारायची याचंही उत्तर इथेच आहे. भाग बदलताना बोल्ट सुटतात, घासले जातात, पुन्हा आवळले जातात. सुधारणा आवळण्याची असायची आणि श्रेय नव्या भागाला जायचं.

मागच्या दिव्यांचं कोडं मला सगळ्यांत आवडलं. त्यावर दुपार घालवली आणि दुपार वाया गेली असं वाटलं नाही.

डावा इंडिकेटर द्या: डावीकडे मागे नारिंगी दिवा मंद आणि भरभर, त्याच लयीत डावा ब्रेकलाइट मंद लाल, आणि उजवा ब्रेकलाइटही मंद लाल. इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक दाबा: उजवा ब्रेकलाइट लख्ख, डावीकडे मात्र ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही विझलेले, टेललाइटएवढा उजेड तेवढा. नुसता ब्रेक दाबा: डावीकडे पुन्हा टेललाइटएवढाच उजेड. मामाचं म्हणणं, वायरी एकमेकांत अडकल्या असणार. तसं असतं तर दिवे मंद नव्हे, लख्ख पेटले असते. इथे उलट होतं. काहीतरी सुटलेलं होतं.

डाव्या बाजूच्या सगळ्या दिव्यांना मिळून अर्थची एकच काळी वायर आहे. ती सुटली असं धरून करंटचा माग काढू. इंडिकेटरच्या बल्बमधून करंट होल्डरच्या पितळी अंगावर आला. तिथून पत्र्याला जायची वाट बंद. पण त्याच अंगाला ब्रेकलाइटची तारही जोडलेली आहे. बल्ब दोन तारांचा, २१ वॅट ब्रेकची आणि ५ वॅट टेलची. तेव्हा करंट ब्रेकच्या तारेतून उलटा वर चढला, ब्रेकच्या वायरीने पलीकडे उजव्या ब्रेकलाइटला गेला आणि त्याच्या शाबूत अर्थमधून खाली उतरला. २१-२१ वॅटचे तीन बल्ब एकामागे एक ओवले गेले, बारा व्होल्ट तिघांत वाटले गेले, म्हणून तिघेही मंद. फ्लॅशरला वाटलं बल्ब गेलाय, म्हणून तो भरभर उडायला लागला. आता ब्रेक दाबला की ब्रेकच्या वायरीतही बारा व्होल्ट येतात. दोन्हीकडून सारखाच जोर म्हटल्यावर करंट वाहणार कुठे? डावीकडे ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही विझतात. उरतो तो ५ वॅटच्या टेलच्या तारेतून उलटा बाहेर पडणारा करंट, म्हणून टेलएवढा उजेड, आणि नुसत्या ब्रेकलाही तेच.

हे कागदावर काढून मामाला दाखवलं. तो निवृत्त गणिताचा शिक्षक. चष्मा कपाळावर सरकवून त्याने बराच वेळ आकृती बघितली आणि म्हणाला, "म्हणजे बल्ब सगळे निर्दोष आहेत. मग मी दोनदा बदलले ते?" मी गप्प बसलो.

मीटरने खातरजमा केली. लांब वायरीने काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक डाव्या होल्डरच्या पितळेवर. इंडिकेटर दिला तर आकडा सात-आठ व्होल्टपर्यंत उड्या मारायला लागला. होल्डरचं अंग म्हणजे अर्थ, तिथे एवढे व्होल्ट असायचं काही कारण नाही. मग डिकीतलं रबराचं मॅट उचललं. खाली ओल, वाळू आणि नारळाच्या किशीचा थर (मामा डिकीतून नारळ आणतो). काळी वायर मागच्या कोपऱ्यात पत्र्याला स्क्रूने धरलेली. तिच्या टोकाची गोल चकती बोटाने हलवली तर वायर हातात आली, चकती स्क्रूखालीच राहिली. चकतीजवळची तांब्याची तार पांढरट-हिरवी, ठिसूळ. तो तुकडा तीन बोटं मागपर्यंत कापला तेव्हा कुठे आत लाल, स्वच्छ तांबं लागलं. बाहेरून प्लास्टिक शाबूत असलं तरी खारं पाणी तारांच्या मधून आत चढत जातं. काळवंडलेल्या तारेवर नवी चकती दाबून काही उपयोग नसतो. नवा तुकडा सोल्डर करून जोडला, नवी चकती, आणि स्क्रूची जागा बदलून वर घेतली, जिथे ओल पोचत नाही. उजवी बाजू अजून चालू होती, तरी तिचंही तेच केलं.

बॅटरी का उतरते हा प्रश्न वेगळा होता. त्याचा अर्थशी संबंध नव्हता.

यासाठी मीटर अँपिअरवर, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मधल्यामध्ये मीटर जोडायचा. चावी बंद, दारं बंद. बॉनेट उघडं ठेवून हे सगळं करताना कोणीही चावीला हात लावायचा नाही, ही ताकीद घरात सगळ्यांना देऊन ठेवावी लागते. सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच, कधी मीटरही. कार्बोरेटरच्या गाडीत उभ्या स्थितीत फक्त स्टिरिओची मेमरी जागी असते. वीस-तीस मिलिअँपिअर, फार तर. इथे ०.३१ अँपिअर होते. दिवसाला सात अँपिअर-अवरच्या वर. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून तीन दिवसांत वीसच्या वर गेले, आणि ती आधीच पुरती भरलेली नसायची. चौथ्या दिवशी 'टक्' म्हणेल नाही तर काय.

एकेक फ्यूज काढत गेलो, मीटरवर नजर ठेवून. स्टिरिओचा काढला तेव्हा आकडा जरासा हलला, बाकी कशानेच नाही. फ्यूजबॉक्समध्ये दोन गोष्टी हाताला लागल्या त्या इथेच सांगतो: पंधराच्या जागी तीसचा फ्यूज, आणि एका ठिकाणी फ्यूजच्या पायांना गुंडाळलेली तांब्याची तार. फ्यूज उडतो तेव्हा तो आपलं काम करत असतो. त्याच्या जागी तार घातली की पुढच्या वेळी तार जळत नाही, डॅशबोर्डामागची वायरिंग जळते.

फ्यूज सगळे तपासून झाले, आकडा तसाच. मग अल्टरनेटरची जाड वायर सुटी केली, कारण आतला डायोड खराब झाला तर बॅटरी तिथून उलटी गळते. तरी आकडा तसाच. आता बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लँपवर परस्पर जोडलेल्या वायरींकडे वळलो. मूळ वायरीशिवाय तिथे दोन पोरक्या वायरी होत्या, काळ्या टेपने गुंडाळलेल्या. टेपचा गोंद वितळून चिकट झालेला. एक रिव्हर्स हॉर्नची. गाडी मागे घेताना गाणं वाजवायचा तो, एकेकाळी प्रत्येक गाडीला असायचा. मामाचा कधीच मुका झालाय. ती काढली, आकडा हलला नाही. दुसरी लाल, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) भोकातून आत गेलेली. ती सोडवली आणि मीटर ०.०२ वर आला.

लाल वायरीचा माग काढत डॅशबोर्डाखाली पाठीवर झोपून हात घातला. पार वर, हीटरच्या कप्प्याजवळ एक काळी पेटी टेपने बांधलेली. चोरी होऊ नये म्हणून बसवलेला अलार्म. रिमोट हरवून युगं लोटली, मामाला तो बसवल्याचंही आठवेना. पेटी कोमट होती. उघडली तर आतल्या बोर्डावर पावसाळी ओलीचे डाग आणि दोन रिले (कॉइलमधल्या करंटने ओढले जाणारे स्विच) कायमचे ओढलेले. साध्या रिलेची कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेते. दोन म्हणजे ०.३. हिशोब जुळला. चोराला अडवायला बसवलेली पेटी रात्रंदिवस बॅटरी पीत होती.

मला त्याहून जास्त धडकी भरली ती त्या भोकाची. पत्र्याच्या भोकात वायर सांभाळणारी रबराची कडी, ग्रोमेट, नव्हती. पत्र्याची धार वायरीच्या प्लास्टिकमध्ये निम्मी रुतलेली. आणि वायर बॅटरीवरून थेट, मध्ये फ्यूज नाही. धार आणखी केसभर आत गेली असती तर बॅटरी सगळा जीव त्या वायरीत ओतती, आणि बॉनेटखाली पेट्रोलचे पाइप आहेतच. जुन्या गाडीत नंतर जोडलेलं काहीही बघायचं झालं तर मी आधी एवढंच बघतो: वायर निघते कुठून, आणि निघते तिथून वीतभराच्या आत फ्यूज आहे का. अलार्म, रिव्हर्स हॉर्न, त्यांच्या सगळ्या वायरी समूळ काढल्या. पिशवीभर निघाल्या.

हेडलाइटचं लवकर उरकलं. बल्ब १००/९० वॅटचे घातलेले होते, मूळ ६०/५५ चे. मंद दिसतात म्हणून जास्त वॅटचे घातले, त्यांनी जास्त करंट ओढला, वाटेतली गळती आणखी वाढली आणि होल्डरचं प्लास्टिक भाजून तपकिरी झालं. कपलर काढून नुसता मीटर लावला तर बॅटरीएवढे व्होल्ट दिसत होते. इथेच माणसं फसतात. वायरीतली शेवटची एक तार शिल्लक असली तरी मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही. यापेक्षा रस्त्यावरच्या मिस्त्रीचा २१ वॅटचा टेस्ट लॅम्प कधीही खरा. तो लगेच मिणमिणतो. बल्ब जोडून, पेटवून मोजलं तेव्हा बल्बवर ११.२ आणि बॅटरीवर १३.९. व्होल्टेज दहा टक्के घटलं की अशा बल्बचा उजेड साधारण तीस टक्के घटतो, आणि इथे तर वीस टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. मूळ वॅटचे बल्ब, चिनी मातीचे नवे होल्डर, घासलेले फ्यूजचे पाय, पुढच्या अर्थला नवी चकती. बल्बवर १३ च्या थोडं खाली मिळालं. रिले लावून आणखी अर्धा व्होल्ट मिळाला असता. पण रात्री आठनंतर गाडी बाहेर न काढणाऱ्या माणसासाठी जुन्या वायरिंगमध्ये आणखी चार जोड वाढवायची मला इच्छा नव्हती.

हॉर्न शेवटी राहिला. हॉर्नला पॉझिटिव्ह कायम असतो, बटण फक्त अर्थ देतं. बटण स्टिअरिंगबरोबर फिरतं, म्हणून मागे पितळेची कडी आणि तिच्यावर घासणारी स्प्रिंगची टाचणी असते. स्टिअरिंग काढलं तर कडीच्या एका बाजूला वाळलेल्या ग्रीसचा काळा थर. चाक वळलं की टाचणी नेमकी त्यावर यायची. घासून साफ केलं, टाचणी जराशी ओढून पुढे घेतली. या कामाला चाक काढण्या-बसवण्याचाच वेळ.

आरटीओला रत्नागिरीला जायचं होतं. तवसाळ-जयगड फेरीबोटीने गेलो. बोटीत गाडी बंद करून लाटांकडे बघत उभे असताना मामाच्या मनात धाकधूक की पलीकडच्या धक्क्यावर सुरू होईल ना. मागच्या खेपेला इथेच गाडी ढकलून उतरवावी लागली होती. ती पहिल्या झटक्यात सुरू झाली.

इन्स्पेक्टरने अप्पर-डिपर, इंडिकेटर, वायपर बघितले, मागे जाऊन ब्रेक दाबायला सांगितला. "हॉर्न?" मामाने हॉर्न दिला आणि सांगितलं नसतानाही चाक पूर्ण वळवून पुन्हा दिला. इन्स्पेक्टरने चासी नंबर ताडून बघितला, नंबरप्लेटवरचा दिवा पेटत नसल्याचं दाखवलं आणि "तो तेवढा घाला" म्हणाला. मी यादीत तो धरलाच नव्हता. आवारातच बल्ब काढून होल्डर घासला, पाच वॅटचा जोड डिकीतल्या डब्यात होता. जेवायच्या सुट्टीआधी कागद झाले.

परतताना मामाने मुद्दाम फेरीच्या रांगेत इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. पुढच्या पिकअपवाल्याने मागे वळून बघितलं. "काही नाही हो," मामा त्याला म्हणाला, "चाललंय ना, म्हणून बघतोय."